उच्च-ताकद पोलादाचे अॅनीलिंग: भट्टीतला दवबिंदू कसा ठरवावा आणि कसा सांभाळावा

मोटारीच्या सांगाड्यासाठी लागणारा ड्युअल-फेज किंवा ट्रिप जातीचा (म्हणजे उच्च-ताकद पोलादाचा) पत्रा अखंड गॅल्व्हनायझिंग लाइनवर, म्हणजे न थांबता पत्र्यावर जस्त चढवणाऱ्या लाइनवर, वितळलेल्या जस्ताच्या पॉटमध्ये उतरतो, तेव्हा जस्त त्याला धरणार की नाही हे बहुतांशी आधीच ठरून गेलेले असते. पॉटमध्ये पत्रा जेमतेम काही सेकंद असतो, तर त्याआधी अॅनीलिंग भट्टीत तो ७८० ते ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास काही मिनिटे तापलेला असतो. त्या मिनिटांत भट्टीतल्या वायूने पृष्ठभागावर जे काही घडवले, त्याचीच पावती पॉटमधून बाहेर पडताना हातात मिळते.

साध्या लो-कार्बन पत्र्यावर ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांच्या मनात एक नियम पक्का असतो: भट्टी जितकी कोरडी, तितका पत्रा स्वच्छ. साध्या पत्र्यापुरता तो नियम बरोबरच आहे. दोन टक्के मँगनीज आणि त्यासोबत सिलिकॉन असलेल्या पोलादाला मात्र तो लागू पडत नाही, आणि तो तसाच लावल्यामुळे अनेक ठिकाणी कॉइलमागून कॉइल नापास होते. या लेखात भट्टीतला ओलावा मोजून-मापून वाढवण्याची पद्धत क्रमाने मांडली आहे. हा ओलावा दवबिंदूने मोजतात, म्हणजे ज्या तापमानाला वायूतली वाफ थिजू लागते त्या तापमानाने; दवबिंदू जितका खाली, तितका वायू कोरडा. महाराष्ट्रात वासिंद, तारापूर, कळमेश्वर येथे पत्र्यावर जस्त चढवणाऱ्या लाइनी आहेत आणि चाकणच्या पट्ट्यात मोटारींचे कारखाने आहेत. त्यामुळे पत्रा तयार करणाऱ्यांइतकाच तो दाबून, वेल्ड करून वापरणाऱ्यांनाही हा विषय जवळचा वाटावा.

वायू एकच, पण लोखंडाला एक आणि मँगनीजला दुसरा

अॅनीलिंग भट्टीत सहसा नायट्रोजन आणि त्यात सुमारे ५ टक्के हायड्रोजन असतो. हायड्रोजन क्षपण करतो आणि पाण्याची वाफ ऑक्सिडीकरण करते, म्हणून पत्र्याच्या दृष्टीने खरा निर्णायक आकडा वाफ आणि हायड्रोजन यांच्या गुणोत्तराचा असतो. ८०० अंशांना हे गुणोत्तर सुमारे ०.४५ च्या खाली असेपर्यंत लोखंडाचा ऑक्साइड टिकत नाही आणि लोखंड चकचकीत राहते. मँगनीजची गोष्ट निराळी आहे. पोलादात २ टक्के मँगनीज असेल, तर त्याचे ऑक्सिडीकरण रोखण्यासाठी हेच गुणोत्तर एक लाखात आठ भागांच्या आसपास आणावे लागते. ५ टक्के हायड्रोजन असलेल्या वायूत याचा अर्थ वाफ चार पीपीएमपेक्षा (दहा लाखांत चार भागांपेक्षा) कमी, म्हणजे दवबिंदू उणे ६५ अंशांच्याही खाली. चालत्या लाइनवर, शेकडो मीटर पत्रा आत-बाहेर जात असताना, हे साधत नाही. सिलिकॉन आणि अॅल्युमिनियम तर ऑक्सिजनसाठी मँगनीजपेक्षाही हपापलेले असतात.

एकाच वायूत लोखंडाचे क्षपण होते आणि त्यातल्या मिश्रधातूच्या मूलद्रव्यांचे ऑक्सिडीकरण होते, याला निवडक ऑक्सिडीकरण म्हणतात. कोणत्या धातूचा ऑक्साइड किती चिवट, हे हॅरॉल्ड एलिंगहॅम यांनी १९४४ मध्ये मांडलेल्या आलेखावरून एका नजरेत कळते, आणि या कामात असलेल्या प्रत्येकाने तो एकदा तरी समोर ठेवून वाचावा.

मँगनीज आणि सिलिकॉन यांचे ऑक्सिडीकरण टाळता येत नसेल, तर ते कुठे व्हावे एवढेच आपल्या हातात उरते. ऑक्सिजनचे अणू पृष्ठभागातून आत शिरत असतात आणि मँगनीज-सिलिकॉनचे अणू आतून पृष्ठभागाकडे येत असतात. वायू कोरडा असेल तर आत शिरणारा ऑक्सिजन तुटपुंजा पडतो, आतून येणारे अणू थेट पृष्ठभागापर्यंत पोहोचतात आणि ऑक्साइडची पापुद्र्यासारखी बाह्य फिल्म तयार होते. वायू पुरेसा ओला असेल तर ऑक्सिजन आत शिरून त्या अणूंना वाटेतच, पृष्ठभागाखाली एक-दोन ते चार-पाच मायक्रॉनांवर गाठतो, आणि वरचे लोखंड बऱ्याच अंशी मोकळे राहते. बाह्य ऑक्सिडीकरणाकडून अंतर्गत ऑक्सिडीकरणाकडे केव्हा वळण घेतले जाते, याचा निकष कार्ल वॅग्नर यांनी १९५९ मध्ये दिला. त्याचा व्यावहारिक आशय असा की मूलद्रव्याचे प्रमाण आणि विसरणाचा (त्याचे अणू धातूतून सरकण्याचा) वेग जितका जास्त, तितका ऑक्सिजनचा पुरवठा वाढवावा लागतो. अॅनीलिंगच्या तापमानाला बरेचसे विसरण कणसीमांमधून, म्हणजे पोलादातल्या स्फटिक-कणांच्या सीमांमधून होते, म्हणून कण बारीक असलेल्या पोलादात प्रत्यक्ष वागणूक निव्वळ सूत्रातून निघणाऱ्या उत्तरापेक्षा वेगळी दिसते. सूत्र दिशा दाखवते. आकडा चाचणीतूनच घ्यावा लागतो.

पायरी १: पोलादाची रासायनिक घडण वाचा

हीटचे (एका वेळी वितळवलेल्या पोलादाच्या खेपेचे) रासायनिक प्रमाणपत्र हातात आल्यावर कार्बनच्या आधी मँगनीज आणि सिलिकॉन यांचे परस्पर प्रमाण पाहावे. सिलिकॉन कमी आणि मँगनीज भरपूर असेल, तर पृष्ठभागावर मुख्यतः मँगनीज ऑक्साइडचे सुटे-सुटे दाणे येतात. दोन दाण्यांच्या मधली जागा लोखंडाची असते, शिवाय पॉटमधले अॅल्युमिनियम पातळ मँगनीज ऑक्साइडचे काही प्रमाणात क्षपणही करते, त्यामुळे असे पोलाद थोडेफार सावरून घेता येते. सिलिकॉन मँगनीजच्या बरोबरीला किंवा वर गेला, जसा तो जुन्या पद्धतीच्या ट्रिप पोलादात दीड टक्क्यापर्यंत असतो, की सिलिकाची (सिलिकॉनच्या ऑक्साइडची) सलग, काचेसारखी फिल्म बसू लागते. ही फिल्म काही नॅनोमीटर जाडीची असली तरी तिच्यावर वितळलेले जस्त अळवावरच्या पाण्यासारखे गोळा होऊन सरकते. याच कारणाने अनेक ट्रिप पोलादांत सिलिकॉनचा काही वाटा अॅल्युमिनियमला दिला जातो.

प्रमाणपत्रावरचे बोरॉनही नजरेतून सुटू देऊ नये. ते अगदी पीपीएममध्ये असते, पण पृष्ठभागावर गोळा होऊन मँगनीजसोबत कमी तापमानाला वितळणारे ऑक्साइड तयार करते आणि ते पसरून जागा व्यापतात. याउलट अँटिमनी किंवा कथिल अल्प प्रमाणात असेल तर ते स्वतः पृष्ठभागावर बसून ऑक्सिडीकरण मंदावते. अशा पोलादाला दुसऱ्या पोलादावर ठरवलेली सेटिंग तशीच लावू नये.

पायरी २: दवबिंदूचे गुणोत्तर करा

पॅनेलवर दवबिंदू अंशांत दिसतो, आणि अंशांमधला फरक फसवा असतो, कारण वाफेचे प्रमाण त्यासोबत सरळ रेषेत वाढत नाही. म्हणून वातावरणीय दाबाला लागू असणारे पुढचे आकडे कंट्रोल रूममध्ये लावून ठेवावेत:

उणे ६० अंश: सुमारे ११ पीपीएम
उणे ४० अंश: सुमारे १२७ पीपीएम
उणे ३० अंश: सुमारे ३७५ पीपीएम
उणे २० अंश: ०.१० टक्के
उणे १० अंश: ०.२६ टक्के
शून्य अंश: ०.६० टक्के
अधिक १० अंश: १.२ टक्के

आता हायड्रोजन ५ टक्के धरून भागाकार करावा. उणे ४० ला गुणोत्तर ०.००२५ येते आणि शून्याला ०.१२. ८०० अंशांना लोखंडाची मर्यादा ०.४५ आहे, म्हणजे शून्य दवबिंदूलाही सोकिंगमध्ये (पत्रा कमाल तापमानाला धरून ठेवणाऱ्या विभागात) लोखंड सुरक्षित राहते. ही मर्यादा ओलांडायला त्याच वायूत दवबिंदू अधिक २० अंशांच्या आसपास जावा लागेल. ओल्या भट्टीच्या नावानेच दचकणाऱ्या सहकाऱ्यांसमोर हा एवढा भागाकार कागदावर मांडला, तरी निम्मी शंका फिटते.

दवबिंदू तोच ठेवून हायड्रोजन बदलला, तर पत्र्यासाठी भट्टी बदलली असे समजावे. हायड्रोजन ५ वरून १५ टक्क्यांवर नेला आणि गुणोत्तर ०.१२ च राखायचे असेल, तर दवबिंदू शून्यावरून सुमारे अधिक १६ पर्यंत चढवावा लागतो. दोन लाइनींमध्ये दवबिंदूच्या आकड्यांची तुलना करताना हायड्रोजनचा उल्लेखच नसतो, हे तांत्रिक बैठकांत वारंवार दिसते. तशा तुलनेतून काहीही निष्पन्न होत नाही.

तापमान खाली आले की लोखंडाची मर्यादाही खाली येते. ४६० अंशांच्या आसपास, म्हणजे पत्रा पॉटच्या तोंडाशी असताना, ती ०.१ ते ०.२ च्या दरम्यान असते. सोकिंगमध्ये निर्धोक असलेले ०.१२ चे गुणोत्तर इथे काठावर येते आणि पत्रा निळसर पडू शकतो. म्हणून ओलावा हवा तो सोकिंगमध्ये, आणि थंड होण्याचा विभाग त्यापासून वेगळा व कोरडा ठेवणे ही या पद्धतीची अट आहे.

पायरी ३: ओलावा घालण्याआधी भट्टी घट्ट करा

दवबिंदू मुद्दाम वाढवायचाच आहे, तर गळतीची चिंता कशाला, असा प्रश्न विचारला जातो. गळतीतून येणारा ओलावा कुठे येईल, किती येईल आणि उद्या तेवढाच राहील का, यांपैकी काहीही आपल्या ताब्यात नसते. म्हणून आधी भट्टी उणे ४० किंवा त्याखाली स्थिर राहते हे सिद्ध करावे, आणि मगच ओल्या वायूचा व्हॉल्व्ह उघडावा.

गळतीचे गणित मुळातून समजून घेण्यासारखे आहे. भट्टीत ताशी १००० घनमीटर वायू जात असेल आणि कुठल्यातरी रोल-सीलमधून ताशी फक्त १ घनमीटर हवा आत ओढली जात असेल, तर त्या हवेतला सुमारे ०.२ घनमीटर ऑक्सिजन हायड्रोजनशी संयोग पावून ०.४ घनमीटर वाफ तयार करतो. एकूण वायूत ती ०.०४ टक्के झाली, म्हणजे एवढ्या गळतीने एकटीने दवबिंदू उणे ३० पर्यंत आणून ठेवला. पावसाळ्यात दवबिंदू चढला की दमट हवेला बोल लावण्याची पद्धत आहे. तीस अंशांच्या पूर्ण संपृक्त हवेतही वाफ सुमारे ४ टक्के असते, तर त्याच हवेतल्या ऑक्सिजनपासून जवळपास ४० टक्के वाफ तयार होते. म्हणजे दमटपणाचा वाटा दहातला एक आणि उरलेले नऊ वाटे गळतीचे. पावसाळ्याचा खरा परिणाम दिसतो तो भट्टीच्या आधी, धुतलेला पत्रा ड्रायरमधून अर्धवट ओला आत जातो तेव्हा.

तपासणी पुढील क्रमाने करावी. प्रथम भट्टीचा दाब बाहेरच्या हवेपेक्षा सर्व विभागांत किंचित जास्त आहे ना, आणि लाइनचा वेग बदलताना किंवा जेट-कूलिंगचे पंखे वाढवताना तो क्षणभर ऋण होतो का, हे ट्रेंडवर पाहावे. पंख्याच्या शोषणाच्या बाजूला दाब ऋण होणे हे हवा आत येण्याचे नेहमीचे कारण आहे. त्यानंतर रोल-सील, पाहणीच्या खिडक्या, थर्मोकपलची भोके आणि फ्लँज तपासावेत. शेवटी रेडियंट ट्यूबकडे, म्हणजे आत इंधन जाळून भट्टी तापवणाऱ्या बंद नळ्यांकडे वळावे. ट्यूबला तडा गेला आणि आतला दाब भट्टीपेक्षा जास्त असला, तर ज्वलनवायूतला कार्बन डायऑक्साइड आणि वाफ भट्टीत मिसळते, आणि हायड्रोजनशी प्रक्रिया होऊन कार्बन मोनॉक्साइड दिसू लागतो. भट्टीच्या वायूतला कार्बन मोनॉक्साइड मोजणे हा फुटकी ट्यूब हुडकण्याचा चांगला मार्ग आहे, परंतु ही मोजणी भट्टी कोरडी असतानाच करून आधाररेषा नोंदवावी. ओल्या वायूत पत्र्यातला कार्बनही थोडा जळतो आणि त्यातून येणारा मोनॉक्साइड फुटक्या ट्यूबचा भास निर्माण करतो.

पायरी ४: मोजणी आधी विश्वासार्ह करा

दवबिंदू मापकाचा आकडा चुकण्यामागे मापकापेक्षा नमुना आणणारी नळी अनेकदा जबाबदार असते. रबराची किंवा साधी प्लास्टिकची नळी बाहेरचा ओलावा आत झिरपू देते, त्यामुळे कोरड्या वायूत आकडा खोटा ओला येतो. नळी स्टेनलेस स्टीलची, छोटी आणि कमीत कमी जोडांची असावी. ओल्या वायूत चूक उलट्या दिशेने होते: दवबिंदू अधिक ५ असताना नळीचा एखादा भाग त्याहूनही थंड झाला, तर वाफ तिथेच थिजते आणि मापकाला कोरडा वायू मिळतो. म्हणून ओल्या विभागाची नळी कायम गरम ठेवावी.

नमुना पत्र्याच्या जवळून घ्यावा, भिंतीला लागून घेऊ नये, आणि सोकिंगच्या सुरुवातीला, मध्यात, शेवटी व थंड होण्याच्या विभागात स्वतंत्र बिंदू असावेत. एकाच मापकावर आळीपाळीने सगळे बिंदू फिरवले, तर प्रत्येक बदलानंतर नळी नव्या वायूने धुतली जाईपर्यंत थांबावे लागते. कोरड्या बिंदूनंतर ओला बिंदू लवकर स्थिरावतो, ओल्यानंतर कोरडा फार सावकाश. संदर्भासाठी थंड आरशाचे मापक उत्तम, रोजच्या कामाला अॅल्युमिनियम ऑक्साइडचा सेन्सर चालतो, पण तो ठरलेल्या काळाने कॅलिब्रेट केलाच पाहिजे. झिर्कोनिया प्रोब थेट ऑक्सिजनचा अंशदाब देतो. ८०० अंश, ५ टक्के हायड्रोजन आणि उणे ३० दवबिंदूला तो सुमारे १० चा उणे २३ वा घात इतके वातावरण येतो. दोन वेगळ्या तत्त्वांवरची मापके एकमेकांशी जुळतात का, हे पाहण्यासाठी तो जोडीला असावा.

पायरी ५: ओलावा कुठे, केव्हा आणि किती

ताशी १००० घनमीटर वायूचा दवबिंदू शून्यावर नेण्यासाठी सुमारे ६ घनमीटर वाफ, म्हणजे वजनाने ताशी पाच किलोच्या आसपास पाणी लागते. एवढ्या मोठ्या भट्टीसाठी हे प्रमाण किती थोडे आहे, हे लक्षात घेतले की ते नेमके मोजून घालणे किती गरजेचे आहे हेही उमगते. नायट्रोजनची एक शाखा पाण्यातून नेऊन २५ अंशांना संपृक्त केली, तर तिच्यात ३.१ टक्के वाफ असते; म्हणजे एकूण वायूचा सुमारे एकपंचमांश भाग या शाखेतून नेला की काम होते. संपृक्त करणाऱ्या टाकीचे तापमान स्थिर राखणे आणि तिथून भट्टीपर्यंतचा पाइप गरम ठेवणे, या दोन गोष्टींत कसूर झाली की दवबिंदू दिवसाच्या तापमानासोबत वर-खाली होतो. पाणी क्षारविरहित वापरावे.

ओला वायू तापण्याच्या विभागाच्या शेवटच्या टप्प्यात आणि सोकिंगमध्ये, पत्रा ७०० अंशांच्या पुढे गेलेला असताना द्यावा. त्याआधीच्या तापमानाला ऑक्सिजनचे आत विसरण मंद असते. फार उशीर करूनही चालत नाही, कारण एकदा बाह्य फिल्म सलग बसली की ती पुढे ऑक्सिजनलाच अडवते. रुंदीभर सारखा पुरवठा होण्यासाठी नोझल दोन्ही बाजूंनी असावेत. वायूचा प्रवाह सहसा पॉटकडून प्रवेशाकडे वाहतो, ही आपल्या फायद्याची बाब आहे. तरी सोकिंग आणि थंड विभागांच्या मधल्या घशात कोरड्या नायट्रोजनचा पडदा असेल, तर वेगळेपणा पक्का होतो. पॉटमध्ये बुडालेल्या स्नाउटचा (पत्रा भट्टीतून जस्तात नेणाऱ्या बंद वाटेचा) ओलावा स्वतंत्रपणे राखला जातो, कारण तिथे जस्ताची वाफ आवरणे हा वेगळाच प्रश्न असतो. त्याची सरमिसळ या सेटिंगशी करू नये.

कोणत्या आकड्यापासून सुरुवात करावी? दीड ते अडीच टक्के मँगनीज आणि अर्ध्या टक्क्याच्या आतला सिलिकॉन असलेल्या ड्युअल-फेज पोलादासाठी उणे १० ते शून्य हा पल्ला पहिल्या चाचणीला योग्य ठरतो. उणे ४० ते उणे ३० या पट्ट्यात रेंगाळणे सर्वांत वाईट, कारण तिथे बाह्य फिल्म बनवायला पुरेसा आणि अंतर्गत ऑक्सिडीकरणाला अपुरा असा ऑक्सिजन असतो. दुर्दैवाने साध्या पत्र्यासाठी सुस्थितीतल्या बहुतेक भट्ट्या नेमक्या याच पट्ट्यात चालतात. मँगनीज दोन टक्क्यांच्या बरेच वर असेल, तर शून्यालाही वर काही दाणे उरतात. ते सुटे आहेत आणि त्यांच्यामध्ये लोखंड उघडे आहे, एवढे साधले तरी पुरे मानावे.

वरची मर्यादा कार्बन ठरवतो. ओला वायू पृष्ठभागातला कार्बन काढून घेतो आणि काही दहा मायक्रॉन जाडीचा मऊ फेराइटचा (जवळजवळ कार्बन नसलेल्या लोखंडाचा) थर तयार होऊ शकतो. या थरामुळे पत्र्याची वाकण्याची क्षमता सुधारते, आणि स्पॉट वेल्डिंगमध्ये द्रव जस्त कणसीमांत शिरून पडणाऱ्या तड्यांपासूनही काही संरक्षण मिळते, म्हणून तो सरसकट दोष समजू नये. मात्र पातळ पत्र्यात दोन्ही बाजूंचे असे थर मिळून जाडीचा लक्षणीय हिस्सा व्यापतात आणि ताणताकद खाली येते. थकवा-ताकदीवरही परिणाम होतो. ग्राहकाने ताकदीची खालची मर्यादा काटेकोर दिली असेल, तर दवबिंदू वाढवण्याआधी हे त्याच्याशी बोलून घ्यावे.

पायरी ६: थेट ज्वालेची भट्टी असेल तर

ज्या लाइनीत रेडियंट ट्यूबच्या आधी थेट ज्वालेने तापवणारा विभाग आहे, तिथे दुसरा मार्ग उपलब्ध आहे. शेवटच्या ज्वाला-विभागात हवा मुद्दाम थोडी जास्त ठेवून पत्र्यावर काहीशे नॅनोमीटर जाडीचा लोखंडाचाच ऑक्साइड चढवायचा, आणि पुढे हायड्रोजनमध्ये त्याचे क्षपण करून ताज्या, सच्छिद्र लोखंडाचा थर मिळवायचा. या ऑक्साइडमधला ऑक्सिजन खालच्या मँगनीज-सिलिकॉनला जागच्या जागी बांधून ठेवतो. आधी ऑक्सिडीकरण आणि मग क्षपण ही कल्पना नवी नाही. टाडेउश सेंड्झिमिर यांच्या १९३० च्या दशकातल्या अखंड गॅल्व्हनायझिंग पद्धतीतही पत्रा आधी ज्वालेतून जाऊन मग हायड्रोजनमध्ये जात असे.

माझ्या मते सिलिकॉन एक टक्क्याच्या वर असलेल्या पोलादासाठी निव्वळ ओलाव्यापेक्षा हा मार्ग अधिक भरवशाचा आहे, पण तो चुका सहन करत नाही. थर पातळ राहिला तर उपयोग होत नाही; जाड झाला तर क्षपण अपुरे राहते आणि सुटलेला ऑक्साइड चूल-रोलांना (भट्टीत पत्रा वाहून नेणाऱ्या रोलांना) चिकटून त्यांच्यावर गाठी धरतो. त्या गाठींचे ठसे पुढच्या प्रत्येक कॉइलवर, रोलच्या परिघाएवढ्या अंतराने उमटत राहतात, आणि त्यासाठी भट्टी थंड करून रोल साफ करण्यावाचून इलाज नसतो. म्हणून हवा-इंधन प्रमाण लाइनच्या वेगासोबत आपोआप जुळेल अशी व्यवस्था नसताना हा मार्ग धरू नये.

पायरी ७: पत्र्यावर काय झाले ते पाहा

लाइनवर जाण्याआधी हॉट-डिप सिम्युलेटरवर त्याच हीटचे तुकडे उणे ५०, उणे ३०, उणे १० आणि अधिक ५ अशा दवबिंदूंना, त्याच तापमान-वेळेच्या चक्रातून काढावेत. प्रत्येक सेटिंगला एक तुकडा जस्ताशिवाय ठेवावा, कारण फिल्म कशी आहे हे जस्त चढल्यावर कळत नाही. ग्लो डिस्चार्ज स्पेक्ट्रोमीटरवर अशा तुकड्याचा खोलीनुसार आलेख काढला की गोष्ट स्पष्ट होते: कोरड्या वायूत मँगनीज आणि सिलिकॉन यांची टोकदार शिखरे अगदी पृष्ठभागावर दिसतात, तर ओल्या वायूत शिखर बसते, पसरट होते आणि आत सरकते. सूक्ष्मदर्शकाखालच्या छेदात पृष्ठभागाखालच्या कणसीमांवर गडद बारीक ठिपक्यांच्या माळा दिसतात, त्या अंतर्गत ऑक्साइडच्या. त्यांची खोली मोजावी आणि त्याच छेदावर नायटल (नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचे द्रावण) लावून डिकार्ब, म्हणजे कार्बन निघून गेलेला, थरही मोजावा.

चालत्या लाइनवर पहिला साक्षीदार म्हणजे न चढलेला डाग, ज्याला सगळे बेअर स्पॉट म्हणतात. तो केवळ मोजून थांबू नये, भिंगाखाली धरावा. टाचणीच्या डोक्याएवढा डाग असेल आणि त्याच्या कडेचे जस्त गोलसर, मागे ओढल्यासारखे जाड झालेले असेल, तर जस्त तिथे आले होते पण टिकले नाही, म्हणजे कारण ऑक्साइडची फिल्म. डाग लांबट, लाटण्याच्या दिशेने ओढलेला आणि तळ काळपट असेल, तर आधी धुलाई विभागातले तेल आणि लोखंडाची भुकटी तपासावी. दवबिंदू हलवून तो जाणार नाही. डाग फक्त दोन्ही कडांना असतील, तर कडा जास्त तापत आहेत किंवा ओला वायू मध्यातच साचतो आहे. फक्त एकाच बाजूला असतील, तर त्या बाजूचे नोझल पाहावेत.

डाग नसले म्हणून काम झाले असे नाही. पत्रा पूर्ण झाकलेला असूनही जस्त वाकवताना सुटू शकते, कारण जस्त आणि पोलाद यांच्यामधला लोखंड-अॅल्युमिनियम संयुगाचा पातळ थर सलग झालेला नसतो. त्यासाठी वाकवण्याची आणि गोळा-आघाताची चाचणी प्रत्येक कॉइलवर घ्यावी, आणि शंका आल्यास जस्त विरघळवून तो थर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. पॉटमधले अॅल्युमिनियम कमी पडल्यानेही हाच दोष येतो, म्हणून पॉटचे विश्लेषण पाहण्याआधी भट्टीला हात लावू नये.

पायरी ८: लाइनवर राबवताना

सेटिंग बदलल्यावर भट्टी लगेच बदलत नाही. सिरॅमिक फायबरचे अस्तर आणि रोल ओलावा धरून ठेवतात. ओलावा वाढवणे काही मिनिटांत जमते, पण शून्यावरून पुन्हा उणे ४० ला यायला काही तास लागू शकतात. म्हणून उच्च-ताकदीच्या कॉइली एकत्र लावाव्यात आणि त्यांच्या आधी-नंतर ओलावा सोसणारा कमी दर्जाच्या गरजेचा पत्रा ठेवावा. बाहेरच्या दिसणाऱ्या भागांसाठीचा, आरशासारखा पृष्ठभाग लागणारा पत्रा अशा मोहिमेच्या लगेच मागे कधीही लावू नये. मोठ्या शटडाउननंतर भट्टी आपोआपच ओली असते, तेव्हा त्या ओलाव्याचा फायदा घेण्याचा मोह होतो. पण त्या वेळी आत ऑक्सिजनही असतो आणि कुठलाच आकडा स्थिर नसतो, म्हणून आधी कोरडी आधाररेषा गाठणेच योग्य.

हायड्रोजनचे प्रमाण वाढवण्याचा निर्णय घेताना आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अतिउच्च ताकदीच्या, मार्टेन्साइट (पोलादातली अतिकठीण रचना) जास्त असलेल्या पोलादात भट्टीतला हायड्रोजन विरघळतो आणि वर जस्त चढल्यावर तो सहज बाहेर पडत नाही, त्यामुळे उशिरा पडणाऱ्या तड्यांचा धोका वाढतो. दुसरी गोष्ट सुरक्षिततेची: हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन स्फोटक असतो, म्हणून भट्टी थंड असताना किंवा उघडताना नायट्रोजनने पूर्ण पर्जिंग (आतला वायू हुसकून भट्टी नायट्रोजनने भरणे) झाल्याशिवाय कोणतेही झाकण काढू नये, आणि पर्जिंग झालेल्या भट्टीत नुसता नायट्रोजन असतो, ज्यात माणूस काही श्वासांत बेशुद्ध पडतो, हे पाळीवरच्या प्रत्येकाला माहीत असावे. दवबिंदू मापकातून बाहेर पडणाऱ्या नमुन्याचा वायूही छताबाहेर सोडावा. त्यात हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोन्ही असतात.

प्रत्येक कॉइलच्या नोंदीत हीटचे मँगनीज व सिलिकॉन, चारही बिंदूंचे दवबिंदू, हायड्रोजनचे प्रमाण, सोकिंगचे तापमान, लाइनचा वेग आणि भिंगाखाली पाहिलेल्या डागांचे वर्णन एकाच ओळीत लिहावे. गुणोत्तराचा रकाना वेगळा ठेवावा आणि तो पाळीतल्या ऑपरेटरने स्वतः भागाकार करून भरावा. एखाद्या हीटवर डाग वाढले, तर त्याच गुणोत्तराला आधी चाललेल्या हीटशी तिचे रसायन ताडून पाहता येते, आणि भट्टी दोषी की पोलाद बदलले, याचा निकाल तिथल्या तिथे लागतो.